साडेचार चटयांचा जपान

टोकियोतलं शिंजुकू हे जगातल्या सर्वांत गजबजलेल्या रेल्वे स्टेशनांपैकी एक. तिथून पूर्वेला थोडं चाललं की गोल्डन गाई नावाची वस्ती लागते. सहा चिंचोळ्या गल्ल्या आणि त्यांत दोनशेच्या वर बार. एकेका बारमध्ये बसायला जागा पाच ते दहा. काउंटरच्या पलीकडे मालक किंवा मालकीण, अलीकडे उंच स्टुलं, पाठीला लगेच भिंत. शेवटच्या स्टुलावरच्या माणसाला बाहेर पडायचं असेल तर बाकी सगळ्यांना उठावं लागतं. युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून ही वस्ती उभी राहिली. पुढे लेखक, सिनेमावाले, पत्रकार यांनी ती आपली मानली. १९८०च्या दशकात टोकियोतल्या जमिनीला सोन्याचा भाव आला, तेव्हा अशा जुन्या लाकडी वस्त्यांना आगी लागू लागल्या. त्या लागत नव्हत्या, लावल्या जात होत्या, असंच सगळे मानतात. गोल्डन गाईच्या चाहत्यांनी रात्री पाळ्या लावून पहारा दिला. म्हणून ती आज उभी आहे.

इथे चाळीस माणसांचा गट आला तर काय करील? गल्लीच्या या टोकाने शिरेल, फोटो काढील, त्या टोकाने बाहेर पडेल. आमचा सहलीचा गट त्या मानाने मूठभर होता, तरी आम्ही एका बारमध्ये मावलो नाही. तीन ठिकाणी विभागून बसलो. काही बार बसण्याचे वेगळे पैसे घेतात, काही फक्त ओळखीच्यांनाच आत घेतात. दारावर तसं लिहिलेलं असतं आणि त्यात कुणी अपमान मानत नाही. जागाच तेवढी आहे.

पुढच्या प्रवासात जागेचं हेच लहान माप पुन्हा पुन्हा समोर येत राहिलं. जपानी घरातल्या खोलीचा आकार चटयांत मोजतात. ततामी म्हणजे पेंढ्याची घट्ट दाबलेली गादी आणि तिच्यावर विणलेली गवती चटई. साधारण सहा फूट लांब, तीन फूट रुंद. चहाच्या विधीची ठरलेली खोली साडेचार चटयांची. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या चहागुरूने तीही कमी केली. क्योतोजवळ यामाझाकी इथल्या म्योकिआन मंदिरात ‘ताइआन’ नावाची त्याची खोली आहे. ती अवघ्या दोन चटयांची आहे आणि तिला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा आहे. आधी अर्ज केला तर बाहेरून पाहता येते. अशा खोल्यांचं दार असतं जेमतेम दोन-सव्वादोन फुटांचं. सामुराई असो की सरदार, तलवार बाहेर ठेवायची, वाकायचं आणि गुडघ्यांवर सरकत आत यायचं. रिक्यूचा धनी तोयोतोमी हिदेयोशी. त्याने स्वतःसाठी सोन्याने मढवलेली चहाची खोली करून घेतली होती. १५९१मध्ये त्याच हिदेयोशीच्या हुकमावरून रिक्यूला पोट चिरून मरावं लागलं. का, यावर इतिहासकार अजून भांडतात. चहापुरतं बोलायचं तर जपान रिक्यूच्या बाजूने राहिला.

अशा लहान मापाच्या या देशात आता पाहुण्यांचा लोंढा आहे. २०२४ साली जपानमध्ये सुमारे ३ कोटी ६८ लाख परदेशी पर्यटक आले. येन स्वस्त झाला, व्हिसा सोपे झाले, आणि करोनाकाळात कोंडलेलं जग एकदम बाहेर पडलं. भारतीयांचा आकडाही दोन लाखांच्या पुढे गेला. त्यात मराठी माणूस भरपूर, आणि तो बहुतेक वेळा गटानेच जातो. चाळीस-पंचेचाळीस आसनांची बस, पुढे झेंडा घेतलेला टूर मॅनेजर, दुपारी इंडियन जेवण, रात्री अंताक्षरी. मला या सहलींची टिंगल करायची नाही. इंग्रजी न बोलणाऱ्या, कधी एकट्याने बँकेतही न गेलेल्या कितीतरी बायकांना याच बसेसनी फुजी पर्वत दाखवला आहे. तक्रार एवढीच, की चाळिसांच्या मापात जपानचा ठरावीक भागच बसतो. बस उभी करायला जिथे मैदान आहे, जेवायला जिथे सभागृह आहे आणि शंभर माणसं एका वेळी ‘वा’ म्हणू शकतील असं दृश्य जिथे आहे, तो भाग.

आठ ते चौदा जणांच्या गटाचा हिशेब वेगळा. त्याला स्वतःची बस लागत नाही. तो लोकलने, गावच्या बसने आणि पायी फिरतो. शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, मधल्या स्टेशनांवर मिनिट-दोन मिनिटंच थांबते. चाळीस ज्येष्ठ नागरिक आणि तितक्याच बॅगा तेवढ्या वेळात चढवणं म्हणजे दादर स्टेशनचा अनुभव असलेल्यालाही धडकी भरेल. लहान गट मोठ्या बॅगा सोबत ठेवतच नाही. यामातो या कंपनीने १९७६मध्ये घरपोच सामानाची सेवा सुरू केली. तिचं काळ्या मांजरीचं चिन्ह आता जपानभर दिसतं. या हॉटेलात बॅग सोपवायची, ती दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात पोचते. पाठीवर दोन दिवसांचे कपडे घेऊन तुम्ही मोकळे.

अशा मोकळ्या पाठीने चालायचा रस्ता म्हणजे नाकासेंदो. एदो, म्हणजे आजचं टोकियो, आणि क्योतो यांना डोंगरांतून जोडणारा हा राजमार्ग. सव्वापाचशे किलोमीटरहून लांब, वाटेत ६९ मुक्कामाची गावं. त्यातल्या मागोमे आणि त्सुमागो या शेजारच्या दोन गावांमधला आठेक किलोमीटरचा टप्पा आज सर्वांत जास्त चालला जातो. मधली खिंड आठशे मीटर उंचीची. मागोमेकडून निघालं तर चढ कमी लागतो. सीडरच्या रायांतून वाट जाते, जागोजागी पितळी घंटा टांगलेल्या आहेत. अस्वलांना आपण येत असल्याचं कळावं म्हणून त्या वाजवायच्या. आमच्यातले निवृत्त मुख्याध्यापक प्रत्येक घंटा तास संपल्यासारखी वाजवत होते. अर्ध्या वाटेवर एक जुनं चहाघर आहे. तिथे गावातले स्वयंसेवक येणाऱ्याला फुकट चहा देतात, चुलीवर किटली सतत उकळत असते.

लवाजम्याने प्रवास करणारे या रस्त्याला नवे नाहीत. १८६१मध्ये सम्राटाची बहीण, राजकन्या काझुनोमिया, शोगुनशी लग्न करायला याच वाटेने एदोला गेली. तिच्या मागेपुढे हजारो माणसं होती. नाकासेंदोने पाहिलेली ही सर्वांत अवाढव्य गटसहल म्हणता येईल. तिची सोय करता करता मुक्कामाची गावं मेटाकुटीला आली होती.

पुढे रेल्वे दुसऱ्या बाजूने गेली आणि त्सुमागोची रया गेली. तरुण शहरांकडे निघून गेले, घरं पडू लागली. नवी बांधायला पैसे नव्हते म्हणूनच जुनी राहिली. १९६८पासून गावकऱ्यांनी ती नीट करायला घेतली आणि १९७१मध्ये एक सनद केली. घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. पाच वर्षांनी जपान सरकारने संरक्षित वस्त्यांची पहिली यादी केली, तिच्यात त्सुमागो होतं. मुख्य रस्त्यावर दिवसा गाड्यांना बंदी, विजेच्या तारा नजरेआड. हे सगळं पर्यटकांसाठी मांडलेलं नेपथ्य आहे का? काही अंशी आहेच. दुपारी तीनला या रस्त्यावर फिरलात तर आइसक्रीम आणि कंगव्यांची दुकानं दिसतील. पण पाच वाजता शेवटच्या बसेस जातात आणि मुक्कामाला राहतात ते मोजके लोक. घरगुती निवासात, म्हणजे मिन्शुकूत, सहाला जेवण. ओढ्यातला मासा, रानभाज्या, काठीवर थापून भाजलेला भात आणि त्यावर अक्रोड-मिसोचं वाटण. एकच न्हाणीघर, पाळीपाळीने वापरायचं. अंग बाहेर धुऊन मगच गरम पाण्याच्या हौदात उतरायचं, कारण तेच पाणी सर्वांना पुरवायचं असतं. सनदेतल्या तीन ‘नाहीं’मुळे हे घर अजून हॉटेल कंपनीचं झालेलं नाही, हे त्या पाण्यात बसल्यावर आपोआप पटतं.

त्सुमागो ज्या किसो खोऱ्यात आहे, तिथल्या हिनोकी, म्हणजे जपानी सायप्रसच्या, लाकडावरून इसेची आठवण निघतेच. इसेचं शिंतो देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात; शेवटचं २०१३मध्ये झालं, ते ६२वं. लाकूड मुख्यतः किसोतून येतं. सातव्या शतकापासून चालत आलेली ही वास्तू वयाने कधीच वीस वर्षांपेक्षा जुनी नसते. सहलींच्या माहितीपत्रकांत ‘परंपरा आणि आधुनिकतेचा संगम’ हे शब्द हटकून असतात. मला ते पटेनासे झाले आहेत. संगमाला दोन नद्या वेगळ्या असाव्या लागतात. इसेत सुताराला वीस वर्षांनी पुन्हा काम मिळतं, म्हणून त्याचा मुलगा ते शिकतो. हा आजचा व्यवहार आहे, कालचा नाही.

कानाझावात तेच. जपानमधला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख या एका शहरात तयार होतो. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ, उच्छ्वासाने उडेल असा. कार्यशाळेत सात-आठ जणांच्या वर उभं राहता येत नाही, आणि राहिलात तर श्वास धरूनच. तिथून थोड्या अंतरावर २००४मध्ये उघडलेलं एकविसाव्या शतकाचं संग्रहालय आहे, गोल, काचेचं, चारी बाजूंनी आत शिरता येईल असं. शहरातली शाळकरी पोरं मधल्या सुट्टीसारखी तिथे वावरतात. २०१५मध्ये शिनकान्सेन कानाझावाला पोचली आणि गर्दी वाढली, तरी शहर अजून स्वतःच्या कामात आहे.

आता कोयासान. या लेखातला सर्वांत मोठा मुक्काम मी तिथे ठेवणार आहे, आणि मराठी वाचकाने जपानमध्ये एकच गोष्ट आडवाटेला जाऊन पाहायची तर ती ही.

ओसाकाच्या नांबा स्टेशनवरून गाडी निघते, शहर सुटतं, डोंगर जवळ येतात. गोकुराकुबाशी या शेवटच्या स्टेशनवरून उभ्या चढाची केबल कार पाच मिनिटांत वर नेते. वर सुमारे आठशे मीटरवर एक सपाटी, तिच्यावर शंभराहून जास्त मंदिरं. ८१६मध्ये कूकाई या भिक्षूला सम्राटाने ही जागा दिली. कूकाई त्याआधी चीनमध्ये चांगआनला जाऊन वज्रयानी परंपरेतली दीक्षा घेऊन आला होता. तिथे प्रज्ञा नावाच्या भारतीय पंडिताकडून तो संस्कृतही शिकला. इथल्या पहाटेच्या पूजेत अग्निकुंडात समिधा पडतात, मंत्र म्हटले जातात. हा आपला होमच आहे, बाराशे वर्षांपूर्वी चीनमार्गे गेलेला. आमच्या गटात सत्यनारायणापलीकडे धर्माशी संबंध न ठेवणारे बरेच होते. तेही ताठ बसले.

मुक्काम मंदिरातच, त्याला शुकुबो म्हणतात. पन्नासेक मंदिरं पाहुण्यांना ठेवून घेतात. ततामीच्या खोल्या, कागदी दारं, जमिनीवर गाद्या. संध्याकाळी साडेपाच-सहाला जेवण येतं आणि शाकाहारी मराठी प्रवाशाचा सगळा ताण इथे उतरतो. जपानमध्ये शाकाहार म्हणजे लढाई. भाजीच्या सुपातही वाळवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो आणि वाढणाऱ्याला तो मासा वाटत नाही. शोजिन पद्धतीच्या मंदिरी जेवणात मात्र मासा नाही, मांस नाही, इतकंच काय, कांदा-लसूणही नाही. अर्क काढतात कोंबू या समुद्री वनस्पतीचा आणि शिताके अळंबीचा. तिळाच्या दुधाचं मऊ तोफू आणि गोठवून वाळवलेलं कोया-तोफू ही डोंगराची खासियत. आमच्यातल्या जैन दांपत्याने बॅगेतले ठेपले त्या रात्री उघडलेच नाहीत. अळंबी मात्र बाजूला काढून ठेवली. शिवाय या मठांत साकेही मिळते. भिक्षूंनी तिला सांकेतिक नाव दिलंय ‘हान्न्या-तो’, म्हणजे प्रज्ञेचं ऊन पाणी. पळवाटा शोधण्यात कोणताच धर्म मागे नाही!

दुसऱ्या दिवशी ओकुनोइन. दोन किलोमीटरची दगडी वाट, दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे सीडर आणि दोन लाखांहून अधिक समाध्या. सेनानी ओदा नोबुनागा इथे आहे, हिदेयोशीचं घराणं आहे, आयुष्यभर एकमेकांशी लढलेले ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केन्शिन वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत. बहुतेक जुन्या समाध्या पाच दगडांच्या. तळाला चौकोन, वर गोल, मग छपरासारखा त्रिकोण, अर्धचंद्र आणि शेवटी रत्नासारखा कळस. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. प्रत्येक दगडावर एक अक्षर, सिद्धम लिपीतलं. खालून वर अ, व, र, ह, ख. सिद्धम आणि देवनागरी या एकाच ब्राह्मीच्या घरातल्या, त्यामुळे जरा नजर बसली की आपल्याला ती लावता येतात. टोकियोहून आलेल्या जपानी कुटुंबाला ती येत नव्हती. आमच्यातल्या एका बाईंनी त्यांना आजोबांच्या समाधीवरची अक्षरं वाचून दाखवली. चाळीस जणांच्या गटात त्या बाई पुढच्या थांब्याकडे धावत असत्या.

इथेच आधुनिक जपानही पुरला आहे. कंपन्यांनी आपल्या मृत कर्मचाऱ्यांसाठी स्मारकं उभारली आहेत. एक रॉकेटच्या आकाराचं, एका कॉफी कंपनीचं कपबशीच्या आकाराचं. वाळवी मारणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेने मारलेल्या वाळवीसाठी दगड बसवला आहे आणि तिला शांत झोप चिंतली आहे. हसू येतं, आणि मग येत नाही. शेवटच्या पुलापलीकडे फोटो बंद. तिथे कूकाईची समाधी. तो ८३५मध्ये वारला असं इतिहास म्हणतो. श्रद्धा म्हणते, तो ध्यानात बसला आहे. म्हणून भिक्षू रोज दोन वेळा त्याच्यासाठी जेवण घेऊन जातात. ज्ञानेश्वरांच्या संजीवन समाधीवर वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

कोयासानच्या विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. २०१५मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. कोयासान ज्यात आहे तो वाकायामा प्रांत आणि महाराष्ट्र यांच्यात त्याआधी सहकार्याचा करार झाला होता. आमच्या गटातल्या तिघांनी त्यासाठीच ही सहल निवडली होती. बाकीचेही त्यांच्याबरोबर गेले आणि ठरल्यापेक्षा बराच वेळ थांबले. वेळापत्रकाला कुणाची हरकत नव्हती, कारण खाली बस वाट पाहत नव्हती.

कोयासानवर स्त्रियांना १८७२पर्यंत प्रवेश नव्हता. डोंगराच्या सात वाटांवर त्यांच्यासाठी उपासनागृहं होती. तिथूनच नमस्कार करून परतायचं. त्यातलं एक, न्योनिन्दो, शिल्लक आहे. बस तिथे थांबते, पण फार थोडे उतरतात. उतरा.

क्योतोबद्दल कमी लिहिलं तरी चालेल, सगळेच लिहितात. गिओन या गेईशांच्या वस्तीत पर्यटक त्यांच्या मागे कॅमेरे घेऊन धावू लागले, किमोनो ओढू लागले. शेवटी २०२४मध्ये तिथल्या खासगी गल्ल्या बाहेरच्यांना बंद झाल्या. शिराल तर दहा हजार येन दंडाची पाटी. त्याच वर्षी फुजीच्या पायथ्याच्या फुजिकावागुचिको गावात एका दुकानाच्या मागे दिसणारा पर्वत टिपायला इतकी झुंबड उडाली, की नगरपालिकेने समोर अडीच मीटर उंचीचा काळा पडदा लावला. इथे लहान गटांच्या आयोजकांनीही आरशात पाहावं. दहा-दहा जणांचे वीस गट एकाच सकाळी एकाच गल्लीत आले तर गल्लीसाठी ते दोनशेच असतात. लहान गटाचं पुण्य आकड्यात नाही. तो कुठे आणि कोणत्या वेळी जातो, आणि किती वेळ थांबतो, त्यात आहे. क्योतोत आम्ही सुवर्णमंदिर गाळलं आणि गिओनच्या कडेला कामेया कियोनागा या जुन्या मिठाईवाल्याकडे गेलो. तिथे पुरचुंडीच्या आकाराची, वर चुण्या असलेली, तिळाच्या तेलात तळलेली, आत लाल घेवड्याचं गोड पुरण असलेली मिठाई मिळते. ती कांगितेन या देवाचा नैवेद्य आहे. कांगितेन म्हणजे जपानला गेलेला आपला गणपती. तळणीचा मोदक तोंडात टाकून सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

ततामी सोडून काँक्रीटकडे गेलं तरी माप बदलत नाही. सेतो अंतर्गत समुद्रातलं नाओशिमा हे बेट. उत्तरेला तांब्याचा जुना कारखाना, दक्षिणेला वास्तुकार तादाओ आंदो यांची संग्रहालयं. चिचू हे त्यातलं जमिनीत गाडलेलं, २००४मधलं. होनमुरा या जुन्या वस्तीत ओस पडलेली घरं कलाकारांना दिली गेली. तिथेच आंदोंनी नव्याने बांधलेल्या एका काळोख्या इमारतीत मोजक्यांना आत सोडतात. भिंतीला हात लावत बाकावर जाऊन बसायचं, आणि काही मिनिटांनी जिथे काहीच नव्हतं तिथे उजेडाचा चौकोन दिसू लागतो. तो जेम्स टरेल या कलाकाराचा. किन्झा नावाच्या घरात तर एका वेळी एकच माणूस, पंधरा मिनिटं. दोन चटयांची खोली रिक्यूने बांधली त्याला सव्वाचारशेहून अधिक वर्षं झाली. बेटाच्या धक्क्यावरचा कलाकार यायोई कुसामांचा पिवळा भोपळा २०२१च्या वादळात समुद्रात गेला, पुढच्या वर्षी नवा बसवला. जपानी माणसाला त्यात खरा-खोटा असा प्रश्न पडला नाही.

टोकियोत परत आल्यावर शेवटची सकाळ आसाकुसाची. सेन्सोजीच्या लाल कंदिलाखाली पाय ठेवायला जागा नसते. तिथून थोडं वर, नदीकाठच्या टेकडीवर मात्सुचियामा शोदेन आहे, पुन्हा गणपतीच. मूर्ती झाकलेली, दर्शन नाही. नवस बोलायचा आणि पांढरा मुळा वाहायचा. भिंतींवर, पायऱ्यांवर, सगळीकडे मुळे कोरलेले. आम्ही गेलो तेव्हा देवळात दोन म्हाताऱ्या आणि एक मांजर होतं. दुपारी निशी-कसाईला जेवलो. संगणक अभियंत्यांच्या लाटेबरोबर भारतीय कुटुंबं या भागात स्थिरावली. २०१९मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ इथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. टोकियोतला आधुनिक जपान पाहायचा तर तो रोबोंच्या हॉटेलात जितका आहे तितकाच इथल्या शाळेच्या फाटकात आहे.

राहिला पैसा. लहान गटाची सहल महाग पडते, हे लपवण्यात अर्थ नाही. गाइडचा खर्च चाळीस ऐवजी दहा जणांत वाटला जातो. रेल्वेचा सात दिवसांचा पास २०२३मध्ये जवळपास तीस हजारांवरून पन्नास हजार येन झाला. ज्याला परवडत नाही त्याने चार मित्र जमवावेत, दहा शहरांऐवजी तीन निवडावीत आणि स्वतः जावं. जपानइतका सुरक्षित आणि पाट्या वाचून फिरता येण्यासारखा देश शोधून सापडणार नाही.

जे पैसे भरून जाणार आहेत त्यांनी आयोजकाला आधी चार गोष्टी विचाराव्यात. गटात नक्की किती माणसं, आणि ती संख्या कागदावर लिहून देणार का? एका गावात किमान दोन रात्री आहेत का? सोबतचा गाइड जपानी बोलतो का, की फक्त झेंडा धरतो? आणि कोयासानला मुक्काम आहे, की जेवून परत? चौथ्याचं उत्तर ‘परत’ असेल तर दुसरा आयोजक शोधा.